पॅलिओची सीट, ओम्नीचा क्रॉस आणि दोन वायपर मोटरी: घरी बांधलेल्या मोशन सिम्युलेटरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, म्हणजे घाई असलेल्यांची सुटका होईल. कापलेल्या गाड्यांचे पार्ट वापरून हलणारी सीट घरी बनते, १६,००० रुपयांच्या आसपास बनते, आणि ब्रेक मारताना व वळणावर तरी गाडीत बसल्यासारखं वाटतं. रस्त्याची बारीक थरथर तिच्याकडून मिळत नाही, मोटरींचा आवाज होतो आणि हॉलमधली चार बाय पाच फुटांची जागा कायमची जाते. हे सगळं चालणार असेल तरच पुढे वाचा.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला शिल्पनिदेशक आहे. गाड्यांचे गेम हा माझा प्रांत नव्हे, तो भाच्याचा. त्याच्याकडे फोर्स फीडबॅकचं, म्हणजे हाताला खऱ्या स्टिअरिंगसारखा जोर देणारं व्हील आणि पेडल होतीच. मग "आत्या, आता सीट हलली पाहिजे" सुरू झालं. तयार वस्तूंची चौकशी केली. नेक्स्ट लेव्हल रेसिंगचा मोशन प्लॅटफॉर्म व्ही-३ सीटखाली बसतो आणि आम्हाला हव्या होत्या त्याच दोन हालचाली देतो: पुढे-मागे झुकणं आणि डावी-उजवीकडे कलणं. अमेरिकेत त्याची किंमत तीन हजार डॉलरच्या घरात, वर जहाजाचं भाडं आणि कस्टम. एवढ्या पैशात चालती जुनी अल्टो येते, आणि ती तर आपोआप हलते.

भंगार म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांना एक सांगते. विमान शिकवणारा पहिला नावाजलेला ट्रेनर एडविन लिंकने १९२९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला बांधला, तो वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते आणि व्हॉल्व्ह वापरून. सुरुवातीला त्याची गिऱ्हाइकं म्हणजे जत्रेतले खेळवाले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहण्याचं काम आलं, खराब हवेत विमानं पडून माणसं गेली, तेव्हा कुठे लष्कराने सहा ट्रेनर घेतले. आजच्या सहा पायांच्या मोठ्या सिम्युलेटरांचा पूर्वज तर डनलॉपमध्ये टायर तपासायला बांधलेलं यंत्र. तेव्हा गाडीच्या सामानातून सिम्युलेटर बनवण्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

सीटपासून सुरुवात करते. सीट फियाट पॅलिओची, ड्रायव्हर साइडची. सचिन जिची जाहिरात करायचा तीच पॅलिओ. या गाडीच्या सीटला दोन्ही बाजूंनी चांगला उठाव आहे, त्यामुळे कलल्यावर अंग बाहेर घसरत नाही. आम्ही गाड्या कापणाऱ्या एका दुकानातून २,२०० ला घेतली. मागितले होते ३,५००. फोम दाबून बघा, पाठीची खटक लावून-सोडून बघा, आणि सरकायची रेल सीटसोबतच मागा, नंतर मागायला गेलात तर तिचे वेगळे पैसे होतात. कापड फाटलेलं असलं तर हरकत नाही, उलट भाव पाडायला तेवढंच एक कारण.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने बघायची. नव्या गाड्यांच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असते. सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसला तर ती सीट घ्यायची नाही. फुकट मिळाली तरी नाही. आत स्फोटक भरलेलं असतं आणि ते कुठल्या वायरने पेटेल याचा प्रयोग घरात करायचा नसतो. आम्हाला दाखवलेल्या सीटांपैकी जी सगळ्यात देखणी होती तिच्याखाली नेमका पिवळा कनेक्टर होता. दुकानदार म्हणाला, "मॅडम, वायर कापून टाकतो की." नको म्हटलं.

आता वायपर मोटरी. सगळ्या खरेदीत हीच खरेदी मला सर्वात पटली, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहिते.

मारुती ८०० २०१४ मध्येच बंद झाली, पण तिच्या वायपर मोटरी अजून मुबलक मिळतात. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे त्या जमिनीवर मांडलेल्या दिसतील. मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. आम्ही ६०० ला एक अशा दोन घेतल्या. दोन्ही एकाच मॉडेलच्या घ्या, नाहीतर सीट एका बाजूला आळशी आणि दुसऱ्या बाजूला चपळ होते.

विकत घेताना मी पिशवीत यूपीएसची छोटी १२ व्होल्टची बॅटरी, दोन क्लिपा आणि मल्टिमीटर नेते. बाजारात लोक बघतात, बघू देत. आधी मोटर न जोडता तिचा आर्म हाताने फिरवून बघायचा. आत वर्म गियर असतो, त्यामुळे चांगल्या मोटरीचा आर्म हाताने फिरतच नाही. फिरला आणि कटकट वाजला तर आतले दात गेलेत, खाली ठेवा. मग शाफ्ट धरून वर-खाली हलवायचा. बुश झिजला असेल तर तो डुलतो. शेवटी बॅटरी लावायची आणि नाक जवळ न्यायचं. जळलेल्या वार्निशचा वास लपत नाही.

घरी आणल्यावरचं काम हे खरं आमच्या ट्रेडचं. वायपर मोटरीत तीन कार्बन ब्रश असतात. दोन समोरासमोर, हे लो स्पीडचे. तिसरा जरा बाजूला सरकवलेला, तो हाय स्पीडचा. त्याच्यातून करंट दिला की उलट ईएमएफ (फिरणाऱ्या मोटरीतच तयार होणारं, सप्लायला विरोध करणारं व्होल्टेज) बनवणाऱ्या तारा कमी होतात, म्हणून मोटर जास्त पळते, पण जोर घटतो. शिवाय तो ब्रश एका दिशेच्या हिशेबाने बसवलेला असतो. उलटं फिरवलं की वेग वेगळा, ठिणग्याही जास्त. सीटला दोन्ही दिशांना सारखीच हालचाल हवी. तेव्हा हाय स्पीडचा मोह टाळायचा आणि लोचीच वायर वापरायची. काचेवरचा वायपर जागेवर आणून थांबवणारा पार्किंगचा स्विच आत असतो, त्याच्या वायरी मोकळ्या सोडून टेप मारायची.

पुढची गोष्ट फार थोडे जण सांगतात. गाडीत निगेटिव्ह म्हणजे बॉडी, हे आपल्या अंगवळणी पडलंय. या मोटरींतही एका ब्रशची पट्टी सरळ मोटरीच्या कवचाला जोडलेली होती. गाडीत ते ठीक, कारण तिथे मोटर एकाच दिशेने फिरते. सिम्युलेटरमध्ये एच-ब्रिज, म्हणजे मोटरीची दिशा बदलणारं ड्रायव्हर सर्किट, दर क्षणाला प्लस-मायनस उलटवतो. म्हणजे मोटरीचं कवच कधी मायनस, कधी प्लस. दोन्ही मोटरी एकाच लोखंडी फ्रेमवर बोल्टने कसल्या तर एक पुढे आणि दुसरी मागे जायच्या वेळी फ्रेममधूनच शॉर्ट. ड्रायव्हर बोर्ड तिथल्या तिथे जातात. मल्टिमीटर बझरवर ठेवून कवच आणि प्रत्येक वायर तपासा. आम्ही दोन्ही मोटरींचं झाकण उघडलं, ती पट्टी कवचापासून कापली, ब्रशच्या मुळाशी अडीच स्क्वेअरची वायर झाळली आणि रबरी ग्रोमेटमधून बाहेर काढली. झाकण उघडलंच आहे तर आतलं जुनं, घट्ट काळं ग्रीस पुसून नवं भरा.

अजून एक. ही मोटर आयुष्यभर एकाच बाजूला फिरलेली असते. उलटी फिरवली की आर्मेचर लांबीच्या दिशेने सरकतो आणि प्रत्येक वेळी 'टक' होतं. बाजूला लॉकनट असलेला एक छोटा स्क्रू असतो, तो हलक्या हाताने आत घेतला की टक जातं. जास्त कसला तर मोटर जड होते. मोटर चालू ठेवून, कानाने ऐकत कसायचं.

मोटरीच्या ताकदीचा हिशेब सांगते. आमच्या मोटरी लो स्पीडला बिनलोड मिनिटाला पन्नासच्या आसपास फेरे मारतात. मोटरीच्या शाफ्टवर बसवलेल्या ५० मिमीच्या आर्मच्या, म्हणजे क्रँकच्या, टोकाला तो वेग सेकंदाला साधारण २६ सेंटीमीटर पडतो. वजन आलं की कमी होतो. हाच क्रँक सीटखालच्या मधल्या सांध्यापासून (त्याच्याबद्दल पुढे येतंच) ३० सेंटीमीटर मागे सीटला जोडला, तर सीट एका बाजूला जास्तीत जास्त साडेनऊ अंश झुकते. ऐकायला फारच थोडं वाटतं. पण साडेनऊ अंशांत पृथ्वीच्या ओढीचा सहावा हिस्सा तुमच्या पाठीवर किंवा छातीवर येतो.

एवढ्याने भागतं याचं कारण आपल्या कानात आहे. आतल्या कानात ओटोलिथ नावाचे चुन्याचे सूक्ष्म खडे असतात. गाडीने वेग घेतला तरी ते मागे सरकतात आणि मान मागे कलली तरी मागेच सरकतात. त्यांना दोन्हींतला फरक कळत नाही. डोळ्यांसमोर पडद्यावर रस्ता धावत असला की मेंदू सीटच्या कलण्याला सरळ वेग समजतो. मात्र झुकणं फार झटक्यात झालं तर कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका ते फिरणं पकडतात आणि बिंग फुटतं. म्हणून विमान कंपन्यांचे सिम्युलेटर वैमानिकाला हळूहळू, त्याच्या नकळत कलवतात आणि तसंच नकळत परत सरळ करतात. आमच्या सीटला एवढं शहाणपण नाही, पण गेमकडून येणारा आकडा सॉफ्टवेअरमध्ये थोडा गुळगुळीत करून घेतला की पुरतं.

सगळं वजन कशावर? ओम्नीच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याच्या वाकणाऱ्या सांध्यावर. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढ मागच्या चाकांना, त्यामुळे तिच्या पोटाखालून शाफ्ट जातो. गाडी २०१९ ला बंद झाली तरी भंगारात शाफ्ट ढिगाने मिळतात. आम्हाला योकसकट (क्रॉस धरणाऱ्या दोन्ही चिमट्यांसकट), कापून, ७०० ला मिळाला. इथे बॉल जॉइंट का नाही चालत? बॉल जॉइंट सीटला खुर्चीसारखं गोल फिरू देतो आणि मग ते फिरणं मोटरींचे रॉड अडवत बसतात. क्रॉस पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे वाकतो, पण गोल फिरत नाही. नेमकं हेच हवं. एक योक खालच्या फ्रेमला, दुसरा सीटच्या पाट्याला वेल्ड करायचा. वेल्डिंगच्या वेळी क्रॉसचे कप काढून ठेवायचे, नाहीतर उष्णतेने आतल्या बेअरिंगच्या सुया आणि ग्रीस दोन्ही जातात. क्रॉसमध्ये प्ले (ढिलेपणा) असेल तर जुना घेऊच नका. पुण्यात नाना पेठेत नवा क्रॉस मिळतो आणि त्याची किंमत काही जिवावर येण्यासारखी नाही.

क्रॉस बसलेल्या माणसाच्या वजनाच्या बरोबर मध्याखाली यायला हवा. तसा आला की मोटरींना माणूस उचलावा लागत नाही, फक्त तोल ढळवावा लागतो. आम्ही सीट रेलवर मागे-पुढे सरकवून तो बिंदू शोधला आणि पाट्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांखाली स्कूटरच्या शॉकअपच्या स्प्रिंगा दिल्या. मोटर सुटी करून भाचा बसला की सीट सरळ राहिली पाहिजे आणि मी दोन बोटांनी ढकलली तर हलली पाहिजे. मी बसले की तोल बदलतो. माझं वजन किती ते इथे लिहिणार नाही, पण रेलला दोन खाचा मागे जावं लागतं.

मोटरीचा क्रँक आणि सीट यांना जोडणाऱ्या रॉडच्या दोन्ही टोकांना टाय रॉड एंड, म्हणजे गाडीच्या स्टिअरिंगमधले सांधे, लावलेत. एक-दोन रिव्ह्यूंत लोक याला फार नावाजतात. मी नाही नावाजणार. त्याची पिन निमुळती असते, सरळ भोकात ती नीट बसत नाही आणि नट कितीही आवळा, थोड्या दिवसांत खुळखुळते. लेथवाल्याकडून टेपर रीमर फिरवून घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे धरले तर नवे, मशीनचे रॉड एंड बेअरिंग स्वस्त पडतात. पुन्हा बांधायची झाली तर तेच घेईन.

भोसरीतल्या ज्या फॅब्रिकेटरकडून फ्रेम बनवली त्याला मात्र पैकीच्या पैकी. चाळीस बाय चाळीसचा, दोन मिमी जाडीचा चौकोनी पाइप, कोपऱ्यांना गसेट (मजबुतीच्या तिकोनी पट्ट्या), खाली रबराचे पाय. ४,५०० मध्ये कापणं, वेल्डिंग, रेड ऑक्साइड सगळं. रेखाचित्र बघून त्याने पहिला प्रश्न विचारला, "हे उलटलं तर?" आणि स्वतःहून मागचे दोन पाय सहा इंच लांब केले. पैसे त्याचे वेगळे लावले नाहीत.

इलेक्ट्रॉनिक्सचं सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून. अर्ड्युइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोल बोर्ड, आणि बीटीएस ७९६० या चिपांचे दोन मोटर ड्रायव्हर. या बोर्डच्या जाहिरातीत ४३ अँपिअर लिहिलेलं असतं. ते चिपचं कपाळावरचं बिरुद समजा. त्या चिमुकल्या हीटसिंकवर एवढा करंट कायम वाहणं शक्य नाही. सीट जोरात हलताना बोर्डला बोट लावून बघा म्हणजे कळेल. कॉम्प्युटरचा जुना पंखा त्यांच्यावर वाहता ठेवलाय, तेव्हापासून तक्रार नाही. प्रत्येक मोटरीला वेगळा २० अँपिअरचा फ्यूज, तोही कापलेल्या गाडीच्या फ्यूज बॉक्ससकट आणलेला. फ्यूज बॉक्स ही भंगारातली सगळ्यात दुर्लक्षित चीज आहे. रिले, सॉकेट, रंगीत जाड वायरी, सगळं एकत्र मिळतं आणि दुकानदार त्याला कचरा समजून देतो.

पॉवर सप्लाय बारा व्होल्ट तीस अँपिअरचा, जाळीच्या डब्यातला, दुकानांच्या एलईडी बोर्डला लावतात तो. नुसत्या त्याच्यावर सीट चालवली तर मोटर झटक्यात उलटवताना ब्रेकिंगचा करंट मागे येतो आणि सप्लाय ट्रिप होतो. समांतर एक सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी जोडली की ती हा झटका पोटात घेते आणि एकदम लागणारा जास्तीचा करंटही पुरवते. सप्लायवरच्या छोट्या स्क्रूने व्होल्टेज साडेतेराच्या आसपास ठेवायचं. साधी, पाणी घालायची बॅटरी बंद खोलीत चार्ज करू नका, हायड्रोजन सुटतो. बॅटरी आणि सप्लायच्या मध्येही फ्यूज हवाच.

सीट या क्षणी कुठे आहे हे अर्ड्युइनोला सांगायला प्रत्येक क्रँकवर एक सेन्सर लागतो. बहुतेक लोक दहा किलोओमचा पोटेन्शिओमीटर लावतात, कारण तो वीस-तीस रुपयांना मिळतो. तो लावू नका. सीटचा नव्वद टक्के वेळ मध्यापाशी जातो, म्हणून पॉटची कार्बन पट्टी तिथेच झिजते आणि सीट सरळ रस्त्यावर थरथरायला लागते. चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर घ्या. त्यात काही घासतच नाही. आम्ही ऑनलाइन मागवलेल्यांपैकी एक मेलेला आला. विकणाऱ्याने बदलून द्यायला इतका घोळ घातला की शेवटी तपकीर गल्लीतून दुसरा आणला. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, पण सेन्सर दुकानात मीटर लावून घ्यावा एवढं म्हणेन.

एकूण माझं मत असं झालंय की जिथे नुसतं वजन पेलायचंय किंवा नुसतं फिरायचंय तिथे भंगार बिनधास्त वापरावं. मोजणारी आणि थांबवणारी वस्तू मात्र नवीच आणावी.

थांबवण्याचं सांगते. लाल छत्रीवालं इमर्जन्सी बटण लावल्याशिवाय कोणालाही बसू देऊ नका. ते बटण यूएसबी किंवा सॉफ्टवेअर बंद करणारं नको. मोटरींचा बारा व्होल्टच तोडणारं हवं. आमच्याकडे बटणाची एरवी जोडलेली राहणारी आणि दाबल्यावर तुटणारी (एनसी) कॉन्टॅक्ट चाळीस अँपिअरच्या गाडीच्या रिलेच्या कॉइलमध्ये आहे. बटण दाबा, वायर तुटो, बटणच निघून येवो, तिन्ही वेळेस रिले सुटतो. सेन्सरची वायर निघाली तर अर्ड्युइनोला वाटतं सीट अजून जागेवर पोचलेली नाही, आणि तो मोटर फिरवतच राहतो. म्हणून रॉडची लांबी अशी ठेवा की क्रँकने पूर्ण फेरा मारला तरी काही मोडणार नाही, फक्त बसलेला माणूस दोनदा वर-खाली होऊन ओरडेल. क्रँकच्या चारी बाजूंनी पत्र्याचं आवरण हवं. लहान मुलांची बोटं हा एक भाग झाला. मला जास्त धाक ओढणीचा. भाच्याच्या मित्रमंडळींना हे सुचणं शक्य नव्हतं, मी पहिल्यांदा बसले तेव्हाच सुचलं.

सॉफ्टवेअरला सिमटूल्स वापरतो. गेममधून निघणारे वेगाचे, वळणाचे आकडे ते उचलतं आणि अर्ड्युइनोला पाठवतं. दोन्ही मोटरी सीटच्या मागे डाव्या-उजव्या बाजूला आहेत. दोन्ही एकत्र वर गेल्या की सीट पुढे झुकते, एक वर आणि एक खाली गेली की कलते. मग अर्ड्युइनोत पीआयडीचे, म्हणजे सीट हव्या त्या जागी आणून स्थिर ठेवणाऱ्या हिशेबाचे, तीन आकडे जुळवायचे. पहिला वाढवत जायचं, सीट थरथरायला लागली की थोडं मागे यायचं, मग तिसऱ्याने थरथर मारायची. मधल्याला आम्ही जवळपास शून्यावर ठेवलाय. आयटीआयच्या मुलांना पीआयडी फळ्यावर शिकवताना निम्मा वर्ग झोपतो. या सीटवर एकाला बसवून आकडे बदलले तर कोणी झोपणार नाही, पण सीट वर्गात न्यायची परवानगी मागायला अजून धीर झालेला नाही.

दिशेवरून घरात वाद झाला. डावीकडे वळताना सीट कुठे कलायला हवी? दुचाकी चालवणारा पुणेकर छातीठोकपणे सांगतो, डावीकडे. चुकीचं. गाडीत डाव्या वळणावर अंग उजवीकडे फेकलं जातं, म्हणून सीट उजवीकडे कलायला हवी. आमच्याकडे हे पटवायला एका ज्येष्ठ सभासदांना सीटवर बसवूनच दाखवावं लागलं.

आता प्रत्यक्ष चालवण्याबद्दल. असेटो कोर्सा या रेसिंगच्या गेममध्ये जर्मनीतल्या नुर्बर्गरिंगचा जुना, जवळजवळ २१ किलोमीटरचा ट्रॅक आहे. त्यातलं कारुसेल हे काँक्रीटचं, खोलगट उतरतं वळण. व्हील आणि पडद्यावर ते नुसतं एक वळण असतं. या सीटवर गाडी त्या खळग्यात उतरताना कंबर एका बाजूला बसते आणि बाहेर येताना तशीच उचलली जाते. भाचा इथेच खूश झाला. ब्रेकिंगसाठी सीट बेल्ट लावा, तोही पॅलिओबरोबर आलेलाच. पुढे झुकताना पट्टा छातीत रुतला की ब्रेक लागल्याची खात्री पटते. पट्ट्याशिवाय नुसतं ओणवं झाल्यासारखं होतं. पेडल जमिनीवर आणि सीट हलती, त्यामुळे जोरात ब्रेक दाबताना पाय आणि पेडलमधलं अंतर किंचित बदलतं. रेसिंगवाल्याला हे खटकेल. पेडल, व्हील सगळं हलत्या पाट्यावर घेता येतं, पण मग या मोटरी दमतात.

कर्बवरची (ट्रॅकच्या खडबडीत कडेवरची) घरघर, इंजिनची थरथर, खडी हे वायपर मोटरीच्या आवाक्यातलं नाही. सेकंदाला दोन-तीन झटक्यांच्या पुढे ती मागे पडते. त्यासाठी सीटला वेगळा बास शेकर, म्हणजे आवाजाच्या सिग्नलवर थरथरणारं यंत्र, लावतात. आम्ही लावलेला नाही, कारण खालच्या मजल्यावरच्या काकू. मोटरींची वूं-वूं त्यांनी सहन केली आहे, घरघर त्या करणार नाहीत. पायांखाली जिममधल्या जाड रबर मॅटचे तुकडे घातल्यावर जिन्यात भेटल्यावर त्या पुन्हा बोलायला लागल्या.

व्हीआर हेडसेट लावणाऱ्यांसाठी एक इशारा. सीटबरोबर डोकं हललं की हेडसेटला वाटतं तुम्ही गाडीत मान हलवली, आणि डॅशबोर्ड डोळ्यांपुढे सरकतो. त्याची भरपाई करणारी सॉफ्टवेअर आहेत, पण ती जुळवेपर्यंत पोटात ढवळतं. साध्या मोठ्या मॉनिटरवर मला कधी मळमळलं नाही.

माझा स्वतःचा आवडता खेळ मात्र रेसिंगचा नाही. यूरो ट्रक सिम्युलेटर २. गेम २०१२ चा, तरी या सीटसाठी त्याच्याइतका योग्य दुसरा नाही. ट्रकच्या हालचाली संथ, मोठ्या, आणि याच या मोटरींना नेमक्या जमतात. मागे ट्रेलर भरलेला असताना क्लच सोडला की केबिन आधी मागे बसतं आणि मग पुढे निघतं, ते सगळं पाठीला कळतं. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी रॉटरडॅमहून माल घेऊन निघते आणि घरात कोणी हाक मारली तरी ओ देत नाही.

रेसिंगसाठी कोणी विचारलं तर पाचपैकी तीन तारे देईन, ट्रक-बससाठी साडेचार. वेल्डिंग आणि वायरिंग दोन्ही बाहेरून करून घ्यावं लागणार असेल तर खर्च दुपटीवर जाईल, मग या भानगडीत पडू नका. तेवढ्या पैशांत चांगलं लोड सेलचं, म्हणजे पायाचा दाब मोजणारं, पेडल घ्या, गाडी जास्त नीट चालवाल.

भाच्याला आता ट्रकच्या, २४ व्होल्टच्या वायपर मोटरी हव्या आहेत, म्हणजे पेडलसकट सगळा पाटा हलेल. परवाच्या बुधवारी जुन्या बाजारात भाव विचारून आले. एकीला दीड हजार सांगतोय, आणि जोडीने घेतल्या तरी खाली यायला तयार नाही.